गोल झाकण, 127 टेनिसपटू आणि तुमचा इंटरव्ह्यू

आजचा एपिसोड त्यांच्यासाठी, ज्यांना नुकताच तो मेल आलाय. ‘आम्ही दुसऱ्या उमेदवाराचा विचार करत आहोत, तुम्हाला शुभेच्छा.’ मला असे पाच मेल आलेत. त्यातला एक घड्याळाच्या काट्यांच्या कोड्यामुळे. बस, तिथेच अडलो आणि घरी आलो. तेव्हापासून प्रश्न पडलाय, की नोकरी द्यायला कोडी घालायची ही पद्धत आली कुठून?

चला, 1921 मध्ये जाऊ. अमेरिकेत थॉमस एडिसन नोकरीसाठी येणाऱ्या पोरांना सुमारे दीडशे प्रश्नांचा पेपर द्यायचा. भूगोल, इतिहास, रसायनशास्त्र, सगळं. प्रश्न फुटले, पेपरात छापून आले आणि देशभर चर्चा सुरू झाली. त्याच वर्षी आइनस्टाईन बोस्टनला आले होते. त्यांनाही विचारलं गेलं, की ध्वनीचा वेग किती? त्यांचं उत्तर साधारण असं होतं, की जे पुस्तकात सहज सापडतं, ते मी डोक्यात साठवत नाही. म्हणजे खुद्द आइनस्टाईनही त्या प्रश्नावर अडले!

पुढचा थांबा कॅलिफोर्निया, 1957. ट्रान्झिस्टरसाठी नोबेल मिळालेला विल्यम शॉकली आपल्या नव्या कंपनीत माणसं घेत होता. हातात स्टॉपवॉच. समोर जिम गिबन्स नावाचा तरुण. प्रश्न असा: टेनिस स्पर्धेत 127 खेळाडू आहेत, हरला तो बाद. एकूण सामने किती? बहुतेक जण फेऱ्या मोजत बसतात. गिबन्सने झटकन सांगितलं, 126. कारण प्रत्येक सामन्यात एकच जण बाद होतो आणि विजेता सोडून 126 जणांना हरायचंच असतं. इतकं पटकन उत्तर आल्यावर शॉकली खूश व्हायच्या ऐवजी चिडला, असं सांगतात.

शॉकली उमेदवारांच्या मानसशास्त्रीय चाचण्याही करून घ्यायचा. त्यात रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांच्याबद्दल निष्कर्ष काय निघाला? हुशार आहेत, पण चांगले मॅनेजर होणार नाहीत. 1957 मध्येच शॉकलीला कंटाळून आठ जण कंपनी सोडून गेले. त्यात हे दोघंही होते. 1968 मध्ये या दोघांनी एक कंपनी काढली. तिचं नाव इंटेल.

मग आलं मायक्रोसॉफ्ट आणि त्यांचा तो फेमस प्रश्न, की मॅनहोलचं झाकण गोल का असतं? (गोल झाकण कसंही फिरवलं तरी भोकात पडत नाही, म्हणून.) पुढे अशा कोड्यांवर पुस्तकं निघाली, क्लास निघाले. गूगलने तर 2004 मध्ये हायवेवर गणिताच्या कोड्याचा बोर्डच लावला. कोडं सोडवणारा शेवटी थेट बायोडेटा पाठवायच्या पानावर पोचायचा.

आणि 2013 मध्ये गूगलचेच एचआर प्रमुख लास्लो बॉक यांनी जाहीर सांगितलं, की आम्ही डेटा तपासला, ही कोडी म्हणजे वेळेचा अपव्यय आहे. विचारणाऱ्याला आपण हुशार असल्यासारखं वाटतं, एवढाच काय तो फायदा. झालं, कोडी गेली! पण व्हाइटबोर्डवरचं कोडिंग राहिलं. 2015 मध्ये होमब्रू बनवणाऱ्या मॅक्स हॉवेलने ट्वीट केलं, की तुमचे बहुतेक इंजिनिअर माझं सॉफ्टवेअर वापरतात, पण मला बायनरी ट्री उलटा करता आला नाही म्हणून गूगलने नाकारलं.

मग कंपन्या शहाण्या का होत नाहीत? कारण हिशोब सरळ आहे. चुकीचा माणूस आत घेतला तर महागात पडतो. चांगला माणूस बाहेर राहिला तर त्यांना कळतही नाही. 2009 मध्ये फेसबुकने ब्रायन अ‍ॅक्टनला नाकारलं. 2014 मध्ये त्याच अ‍ॅक्टनचं व्हॉट्सअ‍ॅप घ्यायला फेसबुकने सुमारे 19 अब्ज डॉलरचा सौदा केला. अशी चूक उघडी पडते ती क्वचितच.

म्हणून प्रॅक्टिस सोडा असं मी म्हणत नाहीये. मीही रोज रात्री दोन प्रॉब्लेम सोडवतो, कारण गेट तेच आहे आणि आत तिथूनच जायचंय. फक्त एवढं लक्षात ठेवा, की चाळणी त्यांची आहे, तिची भोकं त्यांनी पाडलीत आणि दर वीस-तीस वर्षांनी ते ती बदलतात. तो मेल त्या चाळणीबद्दल सांगतो, तुमच्याबद्दल फार कमी.

तुमच्या इंटरव्ह्यूतला सगळ्यात विचित्र प्रश्न कोणता होता? नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!