पहिली वेलांटी आणि वाचनाचे संशोधन

१८९६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाची हकीकत लिहिली. मुलगा चलाख, आकडे सहज वाचणारा. पण स्वतःचे नाव ‘प्रेसी’ असे लिही आणि चूक त्याच्या ध्यानातही येत नसे. शिकवणे केवळ तोंडी असते तर हाच शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. पुढे ऑर्टन आणि गिलिंगहॅम यांनी अक्षर पाहणे, उच्चारणे व गिरवणे एकत्र साधणारी अध्यापनपद्धती घडवली. १९६३ मध्ये सॅम्युएल कर्क यांच्यामुळे ‘अध्ययन अक्षमता’ ही संज्ञा रूढ झाली. हा सारा इतिहास रोमन लिपीतला आहे, हे आपण सहसा विसरतो.

देवनागरीची गाठ वेगळ्या जागी आहे. ‘किती’ हाच शब्द पाहा. दोन्ही अक्षरांत उच्चार आधी व्यंजनाचा, मग स्वराचा. दुसरी वेलांटी त्या क्रमाने उजवीकडे येते. पहिली मात्र डावीकडे बसते. डोळ्याला जे आधी दिसते, ते जिभेने नंतर म्हणायचे! ज्योत्स्ना वैद आणि अशुम गुप्ता यांच्या हिंदी वाचनावरील अभ्यासात (२००२) वाचन याच ठिकाणी अडखळताना दिसले. बाराखडी घोकून घेताना ही अडचण मुलाला कोणी उलगडून सांगत नाही. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी अक्षरांचे लहान गट मात्रांसह शिकवून मुलांना लवकर अर्थपूर्ण शब्दांकडे नेले. ती पद्धत अक्षमतेसाठी आखलेली नव्हती, तरी अडखळणाऱ्या मुलालाही तिचा आधार व्हावा, असे आम्हांस वाटते.

शासनाचा क्रम मात्र उलटा राहिला. महाराष्ट्रात शालान्त परीक्षेतील सवलती १९९६ मध्ये आल्या: जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची, मराठीचाही समावेश असलेली ‘डाली’ चाचणी आली २०१५ मध्ये. अपंगत्वाच्या यादीत विशिष्ट अध्ययन अक्षमता समाविष्ट करणारा कायदा २०१६ चा. सवलत आधी, मोजपट्टी १९ वर्षांनी.

आमच्या धायरीसारख्या उपनगरात हा तपशील कोरडा राहत नाही. घरी मराठी, शाळा इंग्रजी, अशी कितीतरी मुले येथे आहेत. असे मूल इंग्रजी धडा वाचताना थांबते, तेव्हा अडसर लिपीचा की परक्या भाषेचा? इंग्रजीपुरत्या चाचणीने हे कळणार नाही. त्याला एकदा मराठीतून वाचायला द्यावे, आणि त्यात ‘किती’सारखे शब्द असावेत.