चार शर्यती आणि एक फुगीर टायर

सायकलच्या शर्यतीचं नाव काढलं की आपल्याला मुंबई-पुणे शर्यत आठवते, बोरघाटाचा चढ आठवतो. पण तुमच्या-आमच्या रोजच्या सायकलीचं नशीब पालटलं ते लहान पल्ल्याच्या, बघता बघता संपणाऱ्या शर्यतींनी. गाव आयर्लंडमधलं बेलफास्ट, क्वीन्स कॉलेजचं मैदान, आणि तारीख १८ मे १८८९.

त्या काळी सायकलच्या चाकांना भरीव रबर असे. दगडी रस्त्यावर प्रत्येक खड्डा थेट मणक्यात जाई. बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप नावाचे जनावरांचे डॉक्टर होते. त्यांच्या मुलाची तीनचाकी अशीच खडखडायची. पोराला सुख व्हावं म्हणून त्यांनी रबराची नळी करून तिच्यात हवा भरली, वरून कापड गुंडाळलं आणि ती चाकाला बसवली. मग जुनं चाक आणि हे नवं चाक अंगणात ढकलून पाहिलं. नवं कितीतरी लांब गेलं. कारण साधं आहे. खडा आला की भरीव चाक सायकलीसकट स्वाराला वर उचलतं. हवेचं चाक त्या खड्यापुरतं दबतं आणि पुढे निघतं. डनलॉपनी १८८८मध्ये पेटंट घेतलं.

पण लोकांना पटायचं कसं? विल्यम ह्यूम नावाचा क्लबातला एक सायकलस्वार हे टायर लावून कॉलेजच्या मैदानात उतरला. ते जाडजूड, फुगीर टायर पाहून लोक हसले. ह्यूमनं त्या दिवशी चारही शर्यती जिंकल्या. हरलेल्यांत डब्लिनच्या द्यू क्रो घराण्याची मुलं होती. त्यांचे वडील हार्वे यांनी ते पाहिलं आणि त्याच वर्षी हवेचे टायर बनवणारी कंपनी उभी राहिली. पुढे १८९०मध्ये कळलं की रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसानं हवेच्या चाकाचं पेटंट १८४५मध्येच घेतलं होतं, आणि डनलॉपचं पेटंट रद्द ठरलं. थॉमसनची कल्पना घोडागाडीसाठी होती, तेव्हा सायकलींचा जमाना आलेला नव्हता. कल्पनेलाही वेळ यावी लागते, ती अशी.

एक अडचण मात्र होती. पहिले टायर धावेला चिकटवलेले असत. पंक्चर झालं तर काढता काढता तास जात. असं वाहन हौशी श्रीमंताला परवडतं, पाळी गाठणाऱ्या कामगाराला नाही. १८९०-९१मध्ये सहज निघणारे टायर आले, आणि रस्त्याकडेला बसलेला माणूस दहा-पंधरा मिनिटांत ट्यूब दुरुस्त करून देऊ लागला. गिरणीतला माणूस, दूधवाला, पोस्टमन, शाळकरी मुलगी अशी सगळी सायकलवर बसली, ती टायर करणाऱ्याइतकीच या दुरुस्ती करणाऱ्याच्या जिवावर.

हल्ली ‘पंक्चरवाला’ हा शब्द काही तोंडांतून शिवीसारखा येतो. तो कुणाला उद्देशून येतो, हे माझ्या नावाच्या माणसाला विचारावं लागत नाही. मला त्याचा राग येतो, आणि त्याहून जास्त नवल वाटतं. पाण्याच्या टोपलीत ट्यूब बुडवून बुडबुडा कुठून येतो ते पाहणारा, कानस मारून ठिगळ लावणारा तो माणूस नसता, तर बेलफास्टची ती हवा आपल्या गल्लीपर्यंत पोचलीच नसती.