एक जहागीर, सातशे वर्षं आणि संविधानातलं एक वाक्य

मंडळी, आजची पोस्ट जरा लांब आहे. विषयही लांबचा आहे, थेट डेन्मार्कचा. पण जमीन कुणाची, ती त्याच्याकडे आली कशी आणि कायदा झाल्यावर ती खरंच कुणाच्या नावावर गेली, हे प्रश्न आपल्या तालुक्यात रोज तलाठी कार्यालयाच्या दारात उभे असतात. म्हणून वेळ काढून वाचा.

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन. तिथून साधारण ६० किलोमीटरवर, शेलंड बेटावर हास्लेव्ह नावाचं छोटं गाव आहे. त्याला लागून ब्रेगेन्टव्हेड नावाची जहागीर आहे. आजही ६ हजार हेक्टरांपेक्षा जास्त जमीन, म्हणजे १५ हजार एकरांच्या वर. शेती, जंगल, तळी, भाड्याची घरं आणि मधोमध एक मोठा वाडा. डेन्मार्कमधल्या सगळ्यात मोठ्या खासगी इस्टेटींपैकी ही एक.

या नावाचा उल्लेख चौदाव्या शतकापासून सापडतो. पुढची चारशे वर्षं ती या ना त्या सरदार घराण्याकडे फिरत राहिली. लग्नात गेली, वारशात गेली, विक्रीत गेली. खरी गोष्ट सुरू होते १७१८ मध्ये. त्या वर्षी राजा चौथा फ्रेडरिक याने ती विकत घेतली. म्हणजे जमीन सरदाराकडून सरकारकडे आली.

या राजाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. शेलंड आणि आसपासच्या बेटांवर जुनी चाल अशी होती, की कुळाचा मुलगा जन्मतःच मालकाच्या जमिनीला बांधलेला. दुसरीकडे जायची सोय नाही. या राजाने १७०२ मध्ये ती चाल मोडली. लोक म्हणाले, सुटलो. पण ३१ वर्षांनी, १७३३ मध्ये, त्याच्याच मुलाने, सहाव्या क्रिस्टियनने, नवा कायदा आणला. नाव ‘स्टाव्हन्सबाँड’. १४ ते ३६ वयाच्या शेतकरी पुरुषाने जन्मगावची जहागीर सोडून जायचं नाही. कारण दिलं सैन्यभरतीचं. खरं कारण असं, की धान्याचे भाव पडले होते, माणसं गावं सोडत होती आणि जमीनदारांना फुकटात राबणारे हात हवे होते. सैन्यात कुणाला धाडायचं हेही जमीनदारच ठरवणार. म्हणजे जो तोंड वर करून बोलेल तो आधी भरतीत. पुढे वयाची अट वाढत वाढत १७६४ मध्ये ४ ते ४० वर्षं झाली. चार वर्षांचं पोर! ते चालायला शिकलं, की लगेच जमिनीला बांधलेलं.

आता मूळ मुद्द्याकडे. १७४६ मध्ये पाचवा फ्रेडरिक गादीवर आला. वय २३. राजा दारूच्या आहारी गेलेला, कारभारात फारसं लक्ष नाही. त्याच्या जवळचा माणूस होता आडाम गोट्लोब मोल्टके. जर्मनीतल्या मेक्लेनबुर्गमधला, मुलगा असताना डेन्मार्कच्या दरबारात हुजऱ्या म्हणून आलेला. नवा राजा गादीवर बसला त्याच वर्षी त्याने ब्रेगेन्टव्हेड मोल्टकेला बक्षीस देऊन टाकली. सरकारी जमीन एका मर्जीतल्या माणसाच्या नावावर झाली. १७५० मध्ये त्याला काउंट केलं आणि ब्रेगेन्टव्हेडची ‘काउंटी’ झाली.

हे ‘काउंटी होणं’ म्हणजे काय, ते नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट याच्यावर आहे. १६७१ पासून डेन्मार्कमध्ये नियम होता, की ज्याच्याकडे २,५०० टोंडे हार्टकोर्न एवढी जमीन आहे त्याला काउंटी करता येते. हार्टकोर्न हे एकर-गुंठ्यासारखं लांबीरुंदीचं माप नाही. जमीन किती धान्य देऊ शकते यावर ठरवलेलं ते माप, आपल्याकडच्या आकारणीसारखं. काउंटी झाली की ती जमीन विकता येत नाही, वाटून देता येत नाही, कर्जात जप्त होत नाही. अख्खीच्या अख्खी एका वारसाकडे, सहसा थोरल्या मुलाकडे जाते. वर करात सूट. मोल्टकेला दोन लग्नांतून २२ मुलं झाली. साध्या वारसाहक्काने वाटणी झाली असती तर दोन पिढ्यांत ब्रेगेन्टव्हेडचे तुकडे झाले असते. झाले नाहीत, कारण कायद्याने तसं होऊच दिलं नाही. आपल्याकडे चार भावांत बांध कोरत कोरत दोन एकरांचे अर्धे अर्धे होतात, तिथे २२ मुलं असूनही एक बांध हलला नाही.

मोल्टकेचं आणखी एक पद होतं. तो डॅनिश एशियाटिक कंपनीचा अध्यक्ष होता. हीच कंपनी तमिळ किनाऱ्यावरचं तरंगमबाडी, म्हणजे युरोपियन लोकांचं त्रांकेबार, चालवत होती. इथे आपला एक धागा जुळतो. डॅनिशांनी ते बंदर १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून मिळवलं, वर्षाला खंडणी द्यायच्या बोलीवर. पुढे १६७६ च्या सुमारास तंजावर व्यंकोजीराजे भोसल्यांकडे आलं आणि डॅनिश कंपनी ती खंडणी मराठा दरबाराला देऊ लागली. म्हणजे कोपनहेगनमध्ये राजाला खेळवणारा हा माणूस ज्या कंपनीच्या खुर्चीवर बसला होता, ती कंपनी तंजावरच्या भोसल्यांना दरवर्षी पैसे मोजत होती. शेवटी १८४५ मध्ये डॅनिशांनी तरंगमबाडी आणि बंगालमधलं श्रीरामपूर इंग्रजांना साडेबारा लाख रुपयांना विकून टाकलं.

कंपनीची खरी कमाई चीनच्या चहावर. त्या पैशातून कोपनहेगनच्या आमालियेनबोर्ग चौकात पाचव्या फ्रेडरिकचा घोड्यावरचा पुतळा उभा राहिला. फ्रेंच शिल्पकार साली याने त्यावर जवळपास वीस वर्षं घालवली. चौकाच्या चार बाजूंना चार राजवाडे, त्यातला एक मोल्टकेचा स्वतःचा. गंमत बघा. पुतळ्याचं अनावरण झालं ऑगस्ट १७७१ मध्ये. तोवर राजा मरून पाच वर्षं झाली होती आणि मोल्टकेला डिसेंबर १७७० मध्ये नव्या कारभाऱ्यांनी पेन्शनही न देता घरी पाठवलं होतं. त्याचा शहरातला वाडा पुढे १७९४ मध्ये राजघराण्याने विकत घेतला. पण घरी पाठवलं म्हणजे कुठे? ब्रेगेन्टव्हेडला. पद गेलं, जमीन राहिली. दरबारातली माणसं जमीन का मागतात, त्याचं उत्तर यात आहे.

मोल्टके शेतीत हुशार होता, हे मान्य करायला पाहिजे. शेजारच्या ट्युरेबीहोल्म या आपल्या इस्टेटीवर त्याने होल्स्टाइनची नवी पद्धत आणली. जमिनीचे मोठे पट्टे पाडायचे, काही वर्षं धान्य घ्यायचं, मग काही वर्षं त्याच पट्ट्यात गुरं चारायची. जमिनीचा कस वाढला, दूध वाढलं, लोणी वाढलं. डॅनिश शेतीच्या इतिहासात या प्रयोगाचं नाव आदराने घेतात. पण पट्टे पाडायचे म्हणजे दगड वेचायचे, चर खणायचे, कुंपणं घालायची. हे कुणी केलं? वेठीवर आलेल्या कुळांनी. स्वतःचं पीक कापणीला आलेलं असताना आधी मालकाच्या शेतावर जायचं. नवी पद्धत आली तसा वेठीचा बोजा वाढला. शेतीतल्या प्रगतीची गोष्ट सांगताना हा भाग बहुतेक वेळा गाळला जातो.

२० जून १७८८ रोजी स्टाव्हन्सबाँड रद्द झाला. एका झटक्यात नाही. १४ च्या आतले आणि ३६ च्या वरचे लगेच सुटले, बाकीचे टप्प्याटप्प्याने १८०० पर्यंत. कोपनहेगनमध्ये याची आठवण म्हणून १७९२ मध्ये ‘स्वातंत्र्यस्तंभा’ची पायाभरणी झाली. म्हातारा मोल्टके त्याच वर्षी वारला. पुढच्या काही दशकांत बरीच कुळं कर्ज काढून स्वतःच्या शेताची मालक झाली. मात्र दोन घटक यातून बाहेर राहिले. एक, ज्यांच्याकडे झोपडी आणि परसापुरतीच जमीन होती ते शेतमजूर. त्यांची संख्या वाढत गेली आणि हालत तीच राहिली. दुसरा घटक काउंट लोक. त्यांच्या बंदिस्त जहागिरी शाबूत राहिल्या.

आता येतं ते संविधानातलं वाक्य.

मार्च १८४८. युरोपभर क्रांतीचं वारं. कोपनहेगनमध्ये हजारो लोक मोर्चाने राजवाड्यावर गेले, आम्हाला संविधान पाहिजे म्हणून. राजाने जुनं मंत्रिमंडळ बरखास्त केलं होतं. नव्या सरकारचा प्रमुख म्हणून ज्याला बसवलं तो आडाम विल्हेल्म मोल्टके. त्या म्हाताऱ्याचा नातू, ब्रेगेन्टव्हेडचा तेव्हाचा काउंट, देशातल्या मोठ्या जमीनदारांपैकी एक. त्याच्याच सरकारच्या काळात ५ जून १८४९ रोजी डेन्मार्कचं पहिलं लोकशाही संविधान आलं. त्यात एक कलम आहे. यापुढे नव्या बंदिस्त जहागिरी करता येणार नाहीत आणि असलेल्या जहागिरी खुल्या मालमत्तेत कशा बदलायच्या ते कायद्याने ठरवलं जाईल. थोडक्यात, ब्रेगेन्टव्हेडच्या मालकाच्या सरकारने ब्रेगेन्टव्हेडसारख्या जहागिरींच्या शेवटाचं वचन संविधानात घातलं.

मग तो कायदा कधी झाला? १९१९ मध्ये. सत्तर वर्षांनी!

मधल्या काळात काय झालं ते पाहिलं की राजकारण कसं चालतं ते कळतं. वाक्य कुणी खोडलं नाही. खोडायची गरजच नव्हती. ‘कायद्याने ठरवलं जाईल’ असं लिहिलं होतं, मग कायदा करायचाच नाही, की झालं. १८६६ मध्ये संविधान बदलून वरच्या सभागृहात मोठ्या जमीनदारांचं वजन वाढवलं. १८७५ ते १८९४ एस्ट्रुप पंतप्रधान, तो स्वतः जमीनदार. खालच्या सभागृहात शेतकऱ्यांच्या पक्षाचं बहुमत असताना याने तात्पुरत्या हुकमांवर अर्थसंकल्प चालवले. याच वर्षांत, १८८७ ते १८९१ दरम्यान, ब्रेगेन्टव्हेडचा वाडा नव्याने बांधला गेला. आज पर्यटक ज्याचे फोटो काढतात तो बराचसा तेव्हाचाच. आपली जहागीर लवकरच मोडणार असं वाटणारा माणूस एवढं मोठं बांधकाम काढत नाही.

दुसरीकडे छोटे शेतकरी गप्प बसले नव्हते. १८८२ मध्ये जटलंडमधल्या हेडिंग गावात पहिली सहकारी डेअरी निघाली. दूध गाईंच्या हिशोबाने, मत मात्र माणशी एक. वीस गाईवाल्यालाही एक, दोन गाईवाल्यालाही एक. सहकार पाहिलेल्या आपल्या भागातल्या वाचकांना या एका मताचं मोल वेगळं सांगायला नको. डेअरीच्या सभेत मत द्यायला शिकलेला शेतकरी देशाच्या निवडणुकीतही उठून बोलू लागला. १९०१ मध्ये त्यांच्या पक्षाचं सरकार आलं, १९१५ मध्ये संविधान पुन्हा बदललं, बायकांनाही मत मिळालं आणि मग ऑक्टोबर १९१९ मध्ये तो कायदा झाला.

काउंटसमोर सौदा ठेवला गेला. जमीन तुझी खुली मालमत्ता होईल, विकता येईल, वाटता येईल. बदल्यात मालमत्तेच्या किमतीचा साधारण पाव हिस्सा सरकारला भर आणि एक तृतीयांश जमीन मोबदला घेऊन सरकारला दे. त्या जमिनीतून भूमिहीनांना छोटी शेतं मिळाली. आणि ती देताना युक्ती अशी केली, की जमिनीची किंमत आधी भरायचीच नाही. जमिनीच्या मोलावर दरवर्षी भाडं द्यायचं. म्हणजे गरिबाला जमिनीसाठी सावकाराच्या दारात जावं लागलं नाही.

या कायद्याने सगळ्यांचं सारखं झालं नाही. जटलंडमधलं गामेल एस्ट्रुप हे जुनं घराणं टिकलं नाही, १९३० मध्ये तो वाडा संग्रहालय झाला. ब्रेगेन्टव्हेड टिकली. मुळात एवढी मोठी, की एक तृतीयांश गेली तरी उरलेली पुरेशी. शिवाय बरंच जंगल, आणि डेन्मार्कमध्ये १८०५ पासून जंगल तोडून तुकडे पाडायला बंदी. आजही ती मोल्टके घराण्याकडेच आहे. बाग ठरलेल्या दिवशी लोकांना खुली असते.

आपल्याकडे कूळकायदा १९४८ चा, कृषक दिन १ एप्रिल १९५७ चा, सीलिंगचा कायदा १९६१ चा. कागदावर आपण डेन्मार्कपेक्षा पुष्कळ वेगाने गेलो. पण कायद्यात लिहिलेलं आणि सातबाऱ्यावर उतरलेलं यात किती अंतर राहिलं, हे प्रत्येक गावाला आपापलं ठाऊक आहे. डेन्मार्कला ते अंतर कापायला सत्तर वर्षं लागली. तेही कापलं गेलं ते छोट्या शेतकऱ्याने आधी डेअरीत आणि मग सभागृहात आपलं मत मोजायला लावलं म्हणून. मोल्टकेच्या चांगुलपणावर सोडलं असतं, तर ते वाक्य आजही संविधानात नुसतंच दिसलं असतं.

तुमच्या घरात कूळकायद्याने जमीन आली असेल किंवा गेली असेल, तर खाली लिहा. दोन्ही बाजूंनी लिहा. आजोबांनी सांगितलेलं असलं तरी चालेल, फक्त गाव आणि साधारण साल टाका. आपल्या तालुक्याचा हा इतिहास कुठल्याच पुस्तकात नाही.