चरणजीत सिंग : ‘हाऊस’ संगीताचा जन्म मुंबईत झाला काय?

१/ ‘डीजे’ म्हटले की रत्नागिरीपासून नागपूरपर्यंत मिरवणुकीतली ध्वनिवर्धकांची भिंत आठवते. या शब्दाचा मूळ अर्थ मात्र तबकड्या वाजवणारा माणूस असा आहे. अशा माणसांनी शिकागोत घडवलेल्या ‘हाऊस’ संगीताच्या इतिहासात एका मुंबईकर वादकाचे नाव आग्रहाने घेतले जाते : चरणजीत सिंग. ‘ॲसिड हाऊस’ हा प्रकार त्यांनीच प्रथम निर्माण केला, असे म्हणतात. हा दावा तपासून पाहू.

२/ सिंग हे डीजे नव्हते. ते हिंदी चित्रपटसृष्टीतले वादक होते. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या वाद्यवृंदांत त्यांनी गिटार आणि सिंथेसायझर वाजवले. अशा वादकांची नावे श्रोत्यांपर्यंत क्वचितच पोहोचत.

३/ १९८० साली ‘कुर्बानी’ आणि १९८२ साली ‘डिस्को डान्सर’ आला. देश डिस्कोच्या तालावर डोलत होता. त्याच सुमारास जपानच्या रोलँड कंपनीची तीन नवी यंत्रे सिंग यांच्या हाती आली : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे खर्जाची धून वाजवणारे यंत्र.

४/ १९८२ साली एचएमव्हीसाठी त्यांनी एक तबकडी ध्वनिमुद्रित केली : ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट’. भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग. ना गायक, ना तबला. ८०८चा अखंड ठेका, ३०३चा घरंगळता खर्ज आणि वर ज्युपिटरवरची रागाची धून.

५/ ३०३मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. मींडेची सवय असलेल्या कानाला ती जवळची वाटणे स्वाभाविक होते. तरीही तबकडी चालली नाही. शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याला ती उथळ वाटली असेल, नाचणाऱ्याला अपरिचित.

६/ आता शिकागो. तेथील ‘वेअरहाऊस’ या क्लबात १९७७पासून फ्रँकी नकल्स तबकड्या वाजवत असत. ‘हाऊस’ हे नाव त्या क्लबावरूनच पडले, असे मानतात. दरम्यान ३०३ बाजारात आपटले आणि १९८४मध्ये त्याचे उत्पादन थांबले. मग ते जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागले.

७/ ‘फ्युचर’ या गटाच्या तरुणांनी असेच एक यंत्र घेतले आणि त्याच्या कळी वाजत असतानाच पिरगाळून विचित्र आवाज काढले. त्यातून घडलेली ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही रचना १९८७ साली प्रसिद्ध झाली. ‘ॲसिड हाऊस’ हे नाव त्यानंतर रूढ झाले.

८/ २००२ साली एडो बाऊमन या डच संग्राहकाला सिंग यांची तबकडी दिल्लीत सापडली. २०१० साली तिची पुनरावृत्ती निघाली आणि युरोप थक्क झाला. काहींना तर ती कुणा आधुनिक संगीतकाराने केलेली थट्टाच वाटली!

९/ मग पहिला कोण? केवळ सनावळी पाहिली तर सिंग पाच वर्षे पुढे आहेत. परंतु इतिहासात ‘आधी’ आणि ‘कारण’ या दोन वेगळ्या गोष्टी असतात. शिकागोच्या तरुणांनी ही तबकडी ऐकल्याचा कोणताही पुरावा नाही. साम्य आले ते समान यंत्रांतून आणि समान डिस्को ठेक्यातून. शिकागोमागे क्लब होते, नाचणारे होते, एकमेकांचे ऐकून पुढे जाणारे निर्माते होते. मुंबईतली तबकडी एकाकी राहिली. तिची परंपरा निर्माण झाली नाही.

१०/ म्हणून ‘शोध आमचाच’ ही आरोळी टिकत नाही. ती ठोकून शिकागोच्या कृष्णवर्णीय तरुणांचे श्रेय हिरावू नये आणि सिंग यांना कुणाचे पूर्वसूरी म्हणूनच मोठे ठरवू नये. नवे यंत्र हाती येताच त्यावर यमन कसा वाजेल, हा प्रश्न त्यांना पडला. हे कर्तृत्व स्वतंत्रपणे पुरेसे आहे. २०१५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले. तत्पूर्वी युरोपातल्या मंचांवर तेच राग वाजवून तरुणांची दाद घेण्याचे भाग्य त्यांना लाभले, तबकडी निघाल्यानंतर तब्बल तीन दशकांनी.