पावसाळाभर उभी राहिलेली गाडी : सूचनांचे थर कसे वाचायचे?

संशोधनाचा विषय शोधताना आपण फार मोठ्या प्रश्नाच्या मागे लागतो. आज एक छोटा प्रश्न घेऊ. काही महिने झाकून ठेवलेली स्पोर्ट्स कार पुन्हा सुरक्षितपणे सुरू कशी करायची? थंड देशांत अशा गाड्या हिवाळ्यात ठेवून देतात, कारण रस्त्यावर बर्फ आणि मीठ असतं. आपल्याकडे मुंबई-पुण्यात काही मालक त्या पावसाळ्यात झाकतात. सूचना कुठेही मिळतात. पण प्रत्येक सूचना कधी आणि कशामुळे आली, हे विचारलं की इतिहास सुरू होतो.

पद्धत आपण नेवाशाकडून घेऊ. प्रवरेकाठी इथे १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि सहकाऱ्यांनी उत्खनन केलं. ताम्रपाषाणयुगीन वस्ती, तिच्यावर सातवाहनकाळ, त्यावर नंतरचे थर. वस्तू सापडली की पहिला प्रश्न : ही कुठल्या थरातली? सूचनांच्या यादीलाही हाच प्रश्न विचारायचा.

पहिला थर : हँडल. सुरुवातीच्या गाड्या हँडल मारून सुरू व्हायच्या. स्पार्क बंद ठेवून दोन-चार फेरे दिले की तेल थोडं फिरायचं. चार्ल्स केटरिंग यांचा इलेक्ट्रिक स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला आणि हे फेरे हळूहळू विसरले गेले. पण गरज गेली नाही. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की तेल खाली निथळतं, बेअरिंगवर पातळ थरच उरतो. म्हणून आजही सांगतात, इंधन बंद ठेवून काही सेकंद स्टार्टर फिरवा, तेलाचा दाब येऊ द्या. ते कसं करायचं हे त्या गाडीच्या पुस्तिकेतच बघा.

दुसरा थर : शिळं पेट्रोल. १९१३ च्या सुमारास अमेरिकेत विल्यम बर्टन यांची उष्णतेने जड तेल तोडण्याची पद्धत कारखान्यात आली. पेट्रोल वाढलं, पण त्यात ऑलिफिन म्हणजे द्विबंध असलेले रेणूही वाढले. हे रेणू हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून डिंकासारखा चिकट पदार्थ बनवतात. पुढे पेट्रोलमध्ये ऑक्सिडेशन रोखणारी रसायनं मिसळू लागले, तरी ती कायमची पुरत नाहीत. 'जुनं पेट्रोल काढा' ही सूचना इथली. व्हार्निशसारखा आंबट वास आला तर स्टार्टर मारूच नका, आधी टाकी रिकामी करून घ्या.

तिसरा थर : इथेनॉल. हा थर आपल्या घरचा आहे. नेवासा तालुक्यात मुळा धरणाच्या कालव्यावर ऊस वाढला. सोनईला मुळा आणि भेंड्याला ज्ञानेश्वर हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. उसाच्या मळीपासून इथेनॉल बनतं. ते पेट्रोलमध्ये मिसळण्याचे देशातले पथदर्शी प्रयोग २००१ मध्ये झाले. तीनपैकी दोन ठिकाणं महाराष्ट्रातली, मनमाड आणि मिरज. २००३ मध्ये काही राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झालं, २०२२ मध्ये देशभराची सरासरी १० टक्क्यांवर गेली आणि २०२३ पासून २० टक्क्यांचं ई२० पंपावर मिळू लागलं.

'इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून उभी गाडी खराब होते' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ते अर्धं खरं आहे. इथेनॉल थोडं पाणी स्वतःत सामावून घेतं. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळा थर तळाशी बसतो, आणि पंप तळातूनच इंधन ओढतो. पण इथेनॉलचं प्रमाण जास्त असेल तर ही मर्यादाही वाढते. शिवाय आजच्या बंद टाकीत दमट हवा फार हळू शिरते. जुन्या गाडीच्या कार्बोरेटरला हवेची वाट मोकळीच असते. म्हणजे 'ई२० वाईट की चांगलं' हा संशोधनाचा प्रश्न होत नाही. 'कुठल्या टाकीत, किती दिवस, किती ओलाव्यात' हा होतो.

चौथा थर : झोपेतही जागी गाडी. चावी काढली तरी अलार्म, घड्याळ, संगणक थोडा प्रवाह घेतच राहतात. समजा तो ५० मिलिअँपिअर आहे. दिवसाला १.२ अँपिअर-तास झाले. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी साधारण १९ दिवसांत निम्मी होईल. पावसाळा चार महिन्यांचा! म्हणून बॅटरी आधी चार्जरवर पूर्ण भरून घ्या. अर्धमेल्या बॅटरीवर स्टार्टर ओढू नका.

आता एका लोकप्रिय सल्ल्याची परीक्षा घेऊ : 'आठवड्यातून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवा.' एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन पुरेसं तापलं नाही तर त्यातलं काही सायलेन्सरमध्ये आणि तेलात साठतं. दहा मिनिटांच्या आयडलिंगने बॅटरीही नीट भरत नाही. सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, पण ज्या कामासाठी देतात ते काम तो करत नाही.

थर वाचून झाले, आता क्रम लावू. आधी उंदरांनी वायरी कुरतडल्यात का, एअर फिल्टरमध्ये घरटं आहे का ते बघा. टायरची हवा, तेल, कूलंट, ब्रेक ऑइल तपासा. बॅटरी भरा. चावी फक्त 'ऑन' करून पंप चालू द्या. पेट्रोलचा वास किंवा गळती दिसली तर तिथेच थांबा. गॅरेजचं दार पूर्ण उघडा, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मग इंधनाशिवाय फेरे, मग स्टार्ट. तेलाचा दिवा काही सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद करा. रेस करू नका. अगदी हळू चालवत ब्रेक लागतात का बघा. डिस्कवरचा हलका गंज पहिल्या काही ब्रेकमध्ये निघून जातो. त्यानंतरच रस्त्यावर या आणि इंजिन पूर्ण तापेपर्यंत सावकाश चालवा.

तुमच्या प्रयोगशाळेतही अशी एखादी यादी भिंतीवर चिकटवलेली असेल. त्यातली एक ओळ निवडा आणि तीन प्रश्न लिहून काढा : ही कुठल्या अडचणीचं उत्तर होती? ती अडचण आज आहे का? नसेल तर तिच्या जागी नवी कोणती आली? साहित्याचा आढावा म्हणजे मुळात हेच काम असतं. त्यासाठी शंभर शोधनिबंध गोळा करण्याआधी एका ओळीचा थर नीट ओळखता आला पाहिजे.