ब्रेकला हवापाणी मानवत नाही

ब्रेकवर पाय दिला की गाडी थांबते, यात आपल्याला काहीच विशेष वाटत नाही. पण जरा विचार करा मंडळी. पायाखालचं ते पेडल आणि चार चाकं यांच्यामध्ये ना तार आहे, ना सळई. आहे फक्त बारीक नळ्यांमध्ये कोंडलेला अर्धा-पाऊण लिटर द्रव. घाट उतरताना आपला सगळा भरवसा त्याच्यावर. आणि त्याचे शत्रू दोन, हवा आणि पाणी. माझं तर म्हणणं असं, की हायड्रॉलिक ब्रेकचा शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे या दोघांना बाहेर ठेवण्याचाच इतिहास आहे. ते काम अजून संपलेलं नाही आणि त्यातला शेवटचा वाटा गाडीच्या मालकाकडे येतो.

सुरुवात अर्थातच पास्कलपासून. (हो, तोच. शाळेत आपल्याला छळणारा.) बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दाब दिला तर तो सगळीकडे सारखाच पोचतो, हे ब्लेझ पास्कलने १७व्या शतकात मांडलं. हा सिद्धांत कामाला लावला तो जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने. १७९५ साली त्याने हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. लहान दट्ट्यावर थोडा जोर लावायचा, मोठ्या दट्ट्याकडून कितीतरी पट जोर मिळवायचा. कागदावर सोपं, पण दट्ट्याच्या कडेने गळती व्हायची. दाब वाढला की स्वतःच अधिक घट्ट बसणारी चामड्याची वाटी लावून ती थांबवली गेली. याचं श्रेय ब्रामाच्या हाताखालच्या हेन्री मॉडस्लेला दिलं जातं. ही वाटी लक्षात ठेवा, पुढे ती परत येणार आहे.

आता मोटारीकडे येऊ. सुरुवातीच्या गाड्यांचे ब्रेक सळया आणि तारांवर चालायचे, तेही बहुतेक वेळा फक्त मागच्या चाकांना. पुढची चाकं वळतात, खाली-वर होतात, तिथपर्यंत सळई नेणार कशी? आणि नेलीच तरी चारही चाकांना सारखा जोर मिळायला हवा. एक सळई जरा जास्त ताणलेली राहिली की ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढली जाणार. द्रवाला ही समायोजनाची कटकटच नाही, तो स्वभावानेच समन्यायी.

हे नेमकं हेरलं माल्कम लॉकहीड या अमेरिकन माणसाने. आडनाव ओळखीचं वाटतंय ना? बरोबर, विमानवाले लॉकहीड. माल्कम आणि त्याचा भाऊ ॲलन यांनी १९१३ साली सॅन फ्रान्सिस्कोत स्वतः बनवलेलं विमान उडवलं होतं. पुढे ॲलन विमानातच रमला आणि माल्कमने हायड्रॉलिक ब्रेकचं पेटंट घेऊन १९१९ साली डेट्रॉइट गाठलं.

१९२१ साली ल मान इथे भरलेल्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये जिमी मर्फी हा अमेरिकन ड्रायव्हर ड्यूसेनबर्ग गाडीतून जिंकला. तिच्या चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक होते. त्याच सुमारास ड्यूसेनबर्गची मॉडेल ए ही असेच ब्रेक असलेली गाडी बाजारात आली, पण ती श्रीमंतांची. मध्यमवर्गाच्या जवळपास हे तंत्र आलं १९२४च्या क्रायस्लरमुळे. लॉकहीडच्या मूळ रचनेत दट्ट्याला चामड्याच्या वाट्या होत्या आणि त्या गळायच्या. म्हणजे सव्वाशे वर्षांनंतर पुन्हा तीच गळती! क्रायस्लरच्या इंजिनियरांनी तिथे रबरी वाट्या बसवल्या आणि गणित जमलं. हेन्री फोर्ड मात्र हटून बसले. त्यांची जाहिरातच होती, की आमच्या ब्रेकमध्ये पेडलपासून चाकापर्यंत सगळं पोलाद आहे. फोर्ड गाड्यांना हायड्रॉलिक ब्रेक मिळायला १९३९चं मॉडेल उजाडावं लागलं. हट्टी म्हणून आज आपण हसतो, पण एक वाटी गळली तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जाणार, ही भीती तेव्हा खरीच होती. आमच्या भाषेत सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. त्यावर उपाय म्हणजे दोन स्वतंत्र सर्किटं. १९६२ साली कॅडिलॅकने ती दिली आणि १९६८पासून अमेरिकेत ती नव्या गाड्यांना सक्तीची झाली.

गळती आटोक्यात आली तरी हवा आणि पाणी उरतातच. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. नळीत बुडबुडा असेल तर पायाचा जोर तो बुडबुडा दाबण्यात खर्च होतो आणि पेडल स्पंजासारखं लागतं. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीत बसलेल्यांनी 'दोन पंप मारले की लागतो बराबर' हे वाक्य ऐकलं असेल. कुर्ल्यात तयार झालेली ही गाडी २०२३च्या ऑक्टोबरअखेर टॅक्सी म्हणून इतिहासजमा झाली, पण ते वाक्य अजून रस्त्यावर आहे. वरळी नाक्यावर दुसरा पंप मारायला वेळ असतो, खंडाळ्याच्या उतारावर नसतो.

पाण्याची गोष्ट जरा वेगळी. सुरुवातीचे ब्रेकचे द्रव म्हणजे एरंडेल आणि अल्कोहोलची मिश्रणं. १९५३ साली जॅग्वारने डिस्क ब्रेक लावून ल मानची २४ तासांची शर्यत जिंकली आणि हळूहळू डिस्क सगळीकडे आली. तिच्यात तापणारं पॅड थेट द्रवाच्या दट्ट्याला टेकलेलं असतं, त्यामुळे द्रवाचा उत्कलनबिंदू महत्त्वाचा ठरला. डब्यावर 'डॉट ३', 'डॉट ४' लिहिलेलं असतं, ते अमेरिकेच्या वाहतूक खात्याचं मानक. ताजं डॉट ३ निदान २०५ अंशांपर्यंत उकळता कामा नये, डॉट ४ निदान २३० पर्यंत. पण हे द्रव रबरी नळ्यांमधून आणि टाकीच्या झाकणातून हवेतली वाफ शोषतात. ३.७ टक्के पाणी मुरलं की डॉट ३ची किमान हद्द १४० वर येते, डॉट ४ची १५५ वर. घाटात सतत ब्रेक दाबला की द्रव उकळतो, वाफ होते, आणि वाफ म्हणजे पुन्हा हवेसारखाच बुडबुडा. पेडल थेट तळाला!

मग पाणी शोषणारा द्रव वापरतात कशाला? तर हा बग नाही, फीचर आहे. पाणी विरघळलं नाही तर त्याचे थेंब सर्वात खाली, म्हणजे नेमके तापणाऱ्या चाकापाशी साठतील आणि १०० अंशांच्या आसपासच उकळायला लागतील. शोषून घेतल्यामुळे निदान धोका हळूहळू वाढतो. अट एकच, द्रव वेळेवर बदलायचा. बहुतेक कंपन्या साधारण दोन वर्षं सांगतात, नेमका आकडा मॅन्युअलात बघा.

हे काम घरी करता येतं. मी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये करतो, पेडलवर बाबा असतात. सपाट जागा, जॅकखेरीज पक्के स्टँड, नव्या सीलबंद डब्यातलं मॅन्युअलात सांगितलेलंच ब्रेक ऑइल. (नावात ऑइल असलं तरी साधं तेल चुकूनही नको, रबर फुगतं.) आधी टाकीतला जुना द्रव सिरिंजने काढून नवा भरायचा. मग चाकामागच्या निपलला पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक थोडा द्रव असलेल्या बाटलीत बुडवलेलं. मग, "बाबा, दाबा... धरा." पाव आटा निपल उघडायचा, द्रव येऊ द्यायचा, बंद करायचा. "आता सोडा." बंद करण्याआधी पाय उचलला तर हवा परत आत, सगळी गंमत या क्रमातच आहे. टाकी कधीच रिकामी होऊ द्यायची नाही. एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली तर ती काढायला बऱ्याच गाड्यांना स्कॅनर लागतो. चाकांचा क्रम अनेक गाड्यांत सर्वात लांबच्या चाकापासून असतो, पण सगळ्यांचा तसा नसतो, म्हणून परत मॅन्युअल. द्रव रंगावर सांडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवायचा. शेवटी इंजिन चालू करून पेडल घट्ट लागतंय का, निपल गळत नाहीत ना, हे पाहिल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

आमच्या गाडीतून पहिल्यांदा कोऱ्या चहाच्या रंगाचा द्रव आला होता. आत टाकलेला नवा फिक्कट पिवळा होता. बाबा बाटलीकडे बघून म्हणाले, "यावर आपण महाबळेश्वरला जाऊन आलो?"

ज्यांना हे स्वतः करायचं नाही त्यांनी गॅरेजमध्ये करून घ्या, बिघडलं काहीच नाही. फक्त 'सर्व्हिसिंगमध्ये करतातच' असं गृहीत धरू नका. बिलात ब्रेक ऑइल बदलल्याची वेगळी ओळ आहे का, ते बघा. नसेल तर विचारा, आणि पावसाळी सहलीचा घाट त्यानंतरच घाला.