वेताळाची पायताणे

मराठी नियतकालिकांच्या इतिहासात ‘इंद्रजाल कॉमिक्स’चे नाव सहसा सापडत नाही. ‘चांदोबा’विषयी निदान हळवे होऊन लिहिले जाते. ‘इंद्रजाल’ आठवतो तो गप्पांत, चहाच्या दुसऱ्या कपाबरोबर, आणि तिथेच विरून जातो. खरे तर १९६४ ते १९९० अशी सव्वीस वर्षे ही माला चालली, आठशेहून अधिक अंक निघाले आणि इंग्रजी-हिंदीबरोबर मराठीतही ती घरोघर पोचली. एवढा काळ एवढ्या पोरांनी जे वाचले ते वाङ्मय नसेल तर नसो, पण तो इतिहास आहे.

गेली दोनेक वर्षे मी या मराठी अंकांची जमवाजमव करतो आहे. जळकोटच्या जुन्या घरांचे माळे, उदगीरचे रद्दीवाले आणि मुखेड-कंधारकडचे आप्त यांच्याकडून शंभराच्या वर अंक हाती आले. काहींना मुखपृष्ठ नाही, काहींना शेवट नाही. ते क्रमाने लावून, वही-पेन्सिल घेऊन वाचले. लहानपणी असे वाचणे आम्हाला शक्यच नव्हते. जळकोट तेव्हा उदगीर तालुक्यात आणि जिल्हा उस्मानाबाद; लातूर जिल्हा व्हायला १९८२ साल उजाडावे लागले. गावाला रेल्वे नाही. अंक यायचा तो उदगीरहून एसटीने, कुणाच्या तरी पिशवीत, आणि तोही हाती पडेल तो. आज वेताळाचे लग्न वाचावे आणि सहा महिन्यांनी तो पुन्हा ब्रह्मचारी निघावा, असा प्रकार. कथेचा कालक्रम आम्ही मनातल्या मनात लावून घेत होतो.

आधी मूळ वस्तू. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३४ मध्ये मॅन्ड्रेक हा जादूगार आणि १७ फेब्रुवारी १९३६ रोजी ‘फँटम’ वर्तमानपत्राच्या पट्टीत आणला. अंगाला घट्ट बसणारा पोशाख, डोळ्यांवर मुखवटा, मुखवट्यात बुबुळे न दिसणारे पांढरे डोळे ही पुढच्या सगळ्या अतिमानवांची वर्दी त्याने आधी घातली; सुपरमॅन त्यानंतर दोन वर्षांनी आला. फँटमकडे मात्र अलौकिक शक्ती एकही नाही. १५३६ मध्ये चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेल्या एका माणसाने बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली आणि तेव्हापासून बापामागून मुलगा तोच पोशाख चढवत आला, अशी ही एकवीस पिढ्यांची कथा. जंगलातल्या लोकांना वाटते माणूस एकच, न मरणारा. त्याचे सामर्थ्य या समजुतीत आहे.

भारतात ही पट्टी इंग्रजी ‘इलस्ट्रेटेड वीकली’च्या वाचकांना आधीपासून ठाऊक होती. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट, कोलमन कंपनीने तिच्या कथा जोडून साठ पैशांचे मासिक काढले. पहिल्या दहा अंकांत चित्रकथा सोळाच पाने, उरलेल्या पानांवर सामान्य ज्ञान. पोरांच्या हाती निव्वळ मौज द्यायची, तर पालकांसाठी थोडे ज्ञानाचे औषध सोबत हवे, असा तो काळ. पहिले बत्तीस अंक केवळ फँटमचे. पुढे मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप किर्बी, बझ सॉयर आले. १९६७ पासून पाक्षिक, १९८१ पासून साप्ताहिक.

मराठीत फँटमचा झाला वेताळ. हे नाव ज्याने ठरवले त्याचे ऋण मोठे आहे असे मला वाटते. ‘भूत’ म्हटले असते तर तो खलनायक झाला असता, ‘छाया’ वगैरे म्हटले असते तर नाटकी वाटला असता. वेताळ मात्र आपल्याकडे भुतांचा राजा आहे आणि गावाचा राखणदारही. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांच्या शिवेवर शेंदूर माखलेल्या दगडाच्या रूपात तो उभा असतो. त्याची भीती वाटते आणि त्याच्या भरवशावर झोपही लागते. सिंधुदुर्गातल्या आरवलीच्या वेतोबाला भक्त भली मोठी चामडी पायताणे वाहतात. देव रात्रभर गावाभोवती फिरतो, फिरून त्याची पायताणे झिजतात, म्हणून नवी द्यायची. फॉकच्या नायकाचे इंग्रजी बिरुद ‘चालणारे भूत’ अशा अर्थाचे आहे. न्यूयॉर्कच्या सिंडिकेटने पाठवलेल्या चित्रातला माणूस आणि आरवलीचा फिरता देव यांची गाठ एका मराठी शब्दात पडली. योजून पडली असेल असे मला वाटत नाही. हिंदीतही तो ‘वेताल’च होता. पण हिंदी वाचकासमोर त्या नावाने मुख्यतः विक्रमादित्याच्या खांद्यावरचे प्रेत उभे राहिले असेल. आमच्यासमोर दोन्ही उभे राहिले, कारण ‘चांदोबा’ही त्याच पिशवीतून यायचा. त्यात विक्रमाने प्रेत खांद्यावर घ्यायचे, वेताळाने गोष्ट सांगायची, प्रश्न विचारायचा आणि उत्तर मिळताच पुन्हा झाडाला लटकायचे. वेतालपंचविंशतीच्या पंचवीस कथा केव्हाच मागे पडल्या, तरी ‘चांदोबा’तला राजा वर्षानुवर्षे त्या झाडाकडे जातच राहिला. न संपणारी माला म्हणजे काय, हे आम्हाला अमेरिकेने शिकवले नाही. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड वाचलेल्या मोठ्या माणसांनाही ते नवे नव्हते.

इथे आमच्या भागाचे एक वेगळेपण नोंदवतो. माझ्या वडिलांच्या पिढीचे माध्यमिक शिक्षण निजामी राज्यात उर्दूतून झालेले. त्यांच्यातल्या वाचणाऱ्यांच्या डोक्यात तिलिस्म, अय्यार आणि इब्ने सफीच्या जासूसी कादंबऱ्या होत्या. ‘इंद्रजाल’ हे नाव मात्र त्यांना जत्रेतल्या पुस्तकांवरून ठाऊक, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत मंत्र-तंत्राच्या पोथ्यांशेजारी मांडलेले. त्यामुळे मुलाच्या हाती ‘इंद्रजाल’ आणि त्यावर कवटीचे चित्र पाहून घरात पहिली चौकशी वशीकरणाची व्हायची.

आता भाषेकडे. मुंबईच्या संपादकांनी काही नावे जाणूनबुजून बदलली. फॉकच्या कथेत फँटमच्या बापाचा मारेकरी रामा या नावाचा, आणि चाच्यांची टोळी सिंग. ही नावे भारतात चालणार नव्हती हे उघड आहे. मारेकरी झाला ‘रामालू’, टोळी झाली ‘सिंगा’, आणि बंगालची आठवण करून देणारा बेंगाला देश झाला ‘डेंकाली’. पहिलाच अंक वेताळाच्या पट्ट्याचा, म्हणजे याच मारेकऱ्याचा. बदलाची गरज पहिल्याच महिन्यात पडली. गंमत अशी की देगलूर-बिलोलीच्या पलीकडे तेलुगू मुलूख सुरू होतो आणि रामुलू हे तिकडचे घरगुती नाव. मुंबईला जो शब्द निरुपद्रवी आणि परका वाटला, तो आमच्या कानाला निजामाबादकडचा कुणी ओळखीचा व्यापारी वाटला. नाव कितीही बदला, सीमेवर राहणाऱ्याला ते कुणाचे तरी असतेच.

संवादांची मराठी शुद्ध, पुस्तकी, पुण्या-मुंबईची. बुटक्या बांदरांचा प्रमुख गुर्रन, समुद्रावरचे चाचे, हेर, राजकन्या, सगळे एकाच सुरात ‘तू कुठे निघालास?’ असे विचारायचे. आम्ही घरात ‘कुठं जाऊलालास?’ म्हणणारी पोरे. डेंकालीचे जंगल आम्हाला जितके परके, तितकीच ती भाषाही. पण त्या भाषेत काटकसर होती आणि ती सक्तीची होती. फुगे इंग्रजी वाक्यांच्या मापाने काढलेले; देवनागरीला वर मात्रा, खाली उकार, म्हणजे ओळीला जास्त उंची लागणार. म्हणून अनुवादकाने वाक्ये छाटली, विशेषणे गाळली, क्रियापद पुढे ओढले. माझ्या संग्रहातले चांगले अंक मोठ्याने वाचून पाहावेत, त्यांत त्या काळच्या मुलांच्या पुस्तकांतला उपदेशी फुगीरपणा नाही. ज्याने हे केले त्याचे नाव माझ्या पाहण्यातल्या एकाही अंकावर नाही. संपादक ए. सी. शुक्ला आणि मुखपृष्ठांचे चित्रकार गोविंद ब्राह्मणिया ही नावे जाणकारांना माहीत आहेत. मराठी करणारा हात कुणाचा, किंवा किती हात, याचा मागमूस नाही. जातककथांच्या अनुवादकांची नावे शोधणारे आपण, हजारो पोरांना वाचनाची चटक लावणाऱ्याबद्दल विचारतही नाही.

अंकांचा दर्जा सारखा नाही. विल्सन मकॉयची चित्रे असलेले अंक मला आज अधिक भावतात. सपाट रंग, ठोकळेबाज माणसे, जवळजवळ चित्रकथी परंपरेतली वाटावीत अशी. १९६१ मध्ये मकॉय गेला आणि साय बॅरी आला. त्याचे शरीरशास्त्र पक्के, छायाप्रकाश मोहक, मुलांना तोच आवडायचा आणि तेव्हा मलाही. रोजच्या पट्टीत आदल्या दिवशीची आठवण देणारी चौकट असते, ती मासिकात गाळावी लागते. ते काम बहुतेक अंकांत सफाईने झाले आहे. पाने भरली की कथा मध्येच तोडण्याचे मात्र साप्ताहिक झाल्यावर फार वाढले. ऐंशीच्या दशकातले अंक एकामागून एक वाचताना कंटाळा येतो, हे सांगितले पाहिजे. रिप किर्बी त्यातही टिकतो.

गोरा माणूस काळ्या लोकांवर दंतकथेच्या धाकाने राज्य करतो, हा या कथेवरचा आक्षेप जुना आहे आणि खरा आहे. साठच्या दशकात फॉकने त्या देशाला लुआगा नावाचा निवडून आलेला आफ्रिकी अध्यक्ष दिला, मॅन्ड्रेकच्या लोथारच्या अंगावरचे बिबट्याचे कातडेही पुढे गेले. पण कवटीच्या गुहेतले सिंहासन गेले नाही. आम्हाला तो गोरा का दिसला नाही, हा प्रश्न मी अंक वाचताना पुन्हा पुन्हा स्वतःला विचारला. अंगभर जांभळा पोशाख, बुबुळांवाचून डोळे, आणि नाव वेताळ. कातडी दिसतच नव्हती म्हणा. दुसरेही एक असावे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमच्या आजोबांनी पिढीजात गादीचेच राज्य पाहिले होते. सात पिढ्या निजाम, तर एकवीस पिढ्या वेताळ; वंशाने चालत आलेली सत्ता आम्हाला विचित्र वाटण्याचे कारण नव्हते. निजाम वाईट होता आणि हा चांगला होता, एवढा फरक पुरेसा होता.

डिसेंबर १९७६ मध्ये मालेत पहिला भारतीय नायक आला: आबिद सुरतीचा बहादूर. केशरी कुर्ता, जीन्स, डाकू बापाचा मुलगा, ज्या पोलीस अधिकाऱ्याच्या गोळीने बाप मेला त्यानेच वाढवलेला. चंबळमधल्या डाकूंनी जयप्रकाशांपुढे शस्त्रे ठेवली त्याला तेव्हा चारच वर्षे झाली होती. जयगडला बहादूर गावकऱ्यांचे नागरिक सुरक्षा दल उभारतो, गाव आपले रक्षण आपण करते. आणीबाणीत जन्मलेला हा नायक पोलिसांच्या इतका जवळ असावा यात नवल नाही. चित्रे ब्राह्मणियांची, आणि गल्ल्या, माळवदे, फेटे यांत पहिल्यांदाच आपल्यासारखे काही होते.

माझ्या जमवलेल्या गठ्ठ्यात १९७८ चे काही अंक आहेत. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि त्यानंतरच्या दिवसांत आमच्या मुलखात दलितांची घरे जळाली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना मारण्यात आले. बहादूरच्या जगात गावावर संकट येते ते बाहेरून, घोड्यावरून, बंदुका घेऊन. आत सगळे गाव एक. त्या पावसाळ्यात आमच्याकडे कुणी घोड्यावरून आले नव्हते. हल्ला करणारे आणि ज्यांच्यावर हल्ला झाला ते एकमेकांना नावाने ओळखत होते. कॉमिककडून याची अपेक्षा करावी का, असे कुणी म्हणेल. मी ती करतो, कारण बहादूर स्वतःच डाकूचा मुलगा आहे. माणूस ज्या घरात जन्मतो तिथल्या वैराचे काय करायचे, हाच त्याचा मूळ प्रश्न होता. पुढच्या अंकांनी तो सोडून दिला आणि मारामाऱ्या घेतल्या. वेताळाबद्दल मला राग नाही, तो दूरचा आहे. बहादूरबद्दल थोडा आहे.

१९९० मध्ये माला बंद पडली. तोवर रविवारी सकाळी ‘रामायण’-‘महाभारत’ची सवय लागलेली होती. ‘अमर चित्रकथा’ आजही पुस्तकांच्या दुकानात मिळते. ‘इंद्रजाल’ मिळतो तो संग्राहकांकडे. चाहत्यांनी इंग्रजी अंक खपून जमवले, त्यांच्या याद्या केल्या. मराठी अंकांची अशी यादी माझ्या पाहण्यात आलेली नाही, आणि आमच्याकडच्या ग्रंथालयांच्या दाखल-नोंदवहीत पातळ रंगीत अंकाला रकाना नव्हता. तो वाचून फाटायचा आणि शेवटी किराणा दुकानात जायचा.

१९७० पूर्वीचे मराठी अंक माझ्याकडे फक्त नऊ आहेत, त्यांतही पट्ट्याची ती पहिली कथा नाही. ज्या वाचकांच्या माळ्यावर, ट्रंकेत किंवा जुन्या बांधीव खंडांत असे अंक असतील त्यांनी मुखपृष्ठ, आतले पहिले पान आणि शेवटचे पान यांची छायाचित्रे संपादकांकडे पाठवावीत. अंक नको. पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात काय छापले आहे, तेवढे वाचता आले तरी पुरे.